बंद पडलेल्या सेटिपिप्रंटची पावडर केसांसाठी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: वय २९, राहणार मुलुंड. दोन वर्षांपासून भोवऱ्याजवळचे केस विरळ होतायत, कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत. वडिलांना आणि मामांना टक्कल आहे. फिनास्टेराइड ही केसगळतीची गोळी तीन महिने घेतली, मग दुष्परिणामांबद्दल वाचून भीतीने सोडली. आता स्वतः धरून ऑफिसमधले चौघं मिळून परदेशातून सेटिपिप्रंट या दम्यासाठी बनवलेल्या, पण मंजूर न झालेल्या औषधाची ५० ग्रॅम पावडर मागवणार आहेत, जमलं तर त्याच जातीचं थोडं फेविपिप्रंटही. 'टक्कल आणणारं प्रोस्टाग्लँडिन ही औषधं अडवतात. डोस किती घ्यायचा? केसांसाठी डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिलच्या बाटलीत मिसळलं तर चालेल का? आणि एवढं चांगलं औषध कंपनीने अर्ध्यात का सोडलं?'

घेऊ नका. तोंडावाटे नको आणि डोक्याला लावायलाही नको.

एवढ्यावर थांबलो असतो, पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या दोनांचं उत्तर तुम्हाला पटणार नाही. दादरला त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना या औषधाची चौकशी करणारी मुलं मला गेली कित्येक वर्षं भेटतायत. बहुतेक शिकलेली, पुष्कळ वाचून आलेली, काहींच्या मोबाइलमध्ये मूळ शोधनिबंधसुद्धा असतो. त्यांना नुसतं 'धोकादायक आहे' म्हणून चालत नाही, आणि सेटिपिप्रंटच्या बाबतीत तो मुख्य मुद्दाही नाही. मुख्य मुद्दा हा की हे औषध टक्कल पडणाऱ्या पुरुषांवर रीतसर तपासून झालंय आणि गुण आलेला नाही.

ही आशा आली कुठून ते आधी पाहू, कारण ती निराधार नव्हती. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज कॉट्सारेलिस यांचा गट केसांच्या मुळांवर अनेक वर्षं काम करत होता. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की टक्कल पडलेल्या भागातही केसांच्या मूळपेशी शिल्लक असतात. कमी होतात त्या त्यांच्यापासून पुढे तयार होणाऱ्या, प्रत्यक्ष केस घडवणाऱ्या पेशी. म्हणजे शेत ओसाड दिसलं तरी बियाणं जमिनीत होतं. साहजिकच पुढचा प्रश्न आला, मग त्याला रोखतंय कोण? २०१२ मध्ये लुईस गार्झा, कॉट्सारेलिस आणि सहकाऱ्यांनी त्याचं एक संभाव्य उत्तर दिलं. एकाच माणसाच्या डोक्यावरचा टक्कल पडलेला भाग आणि केस असलेला भाग यांची त्यांनी तुलना केली. टक्कल असलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन डी२ (शरीरात तयार होणारा, पेशींना निरोप देणारा एक पदार्थ), थोडक्यात पीजीडी२, आणि ते बनवणारं एन्झाइम दोन्ही जास्त सापडलं. उंदरांच्या पाठीवर पीजीडी२ लावलं तर केस उगवणं मंदावलं. माणसाच्या डोक्यावरून काढून प्रयोगशाळेत जगवलेली केसांची मुळंही पीजीडी२ मध्ये ठेवल्यावर कमी वाढली. ज्या उंदरांच्या त्वचेत हा पदार्थ जास्त बनेल अशी जनुकीय व्यवस्था केली होती, त्यांच्यात मुळं बारीक होणं आणि तेलग्रंथी फुगणं दिसलं. आपल्या पुरुषी टकलातही हेच दिसतं.

पीजीडी२ चे पेशींवर दोन मुख्य रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, आहेत, डीपी१ आणि डीपी२. दुसऱ्याला सीआरटीएच२ असंही म्हणतात. उंदरांमध्ये केस थांबवण्याचं काम डीपी२ मधून होत होतं, डीपी१ मधून नाही. हे वाचून औषध उद्योगातल्या लोकांचे कान टवकारले, कारण डीपी२ अडवणारी औषधं तोवर अनेक कंपन्यांकडे तयार होती. ती बनवली होती दमा आणि ॲलर्जीसाठी. ॲलर्जीत मास्ट नावाच्या पेशी पीजीडी२ सोडतात आणि डीपी२ च्या वाटेने इओसिनोफिल व दाह वाढवणाऱ्या इतर पेशी तिथे गोळा होतात. ही वाट बंद केली तर दमा आटोक्यात येईल, असा तो हिशेब होता.

सेटिपिप्रंट त्यातलंच. स्वित्झर्लंडच्या ॲक्टेलियन कंपनीने ते दमा आणि ॲलर्जीच्या सर्दीसाठी विकसित केलं होतं. त्या आजारांत ते पुरेसं चाललं नाही, म्हणून बाजूला पडलं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायथेरा या कंपनीने केसांवर वापरून बघण्यासाठी त्याचे हक्क घेतले. कायथेराचं मुख्य उत्पादन होतं हनुवटीखालची चरबी विरघळवणारं इंजेक्शन. त्यासाठी ॲलर्गनने त्याच वर्षी सुमारे २१० कोटी डॉलरला ती कंपनी विकत घेतली, आणि त्या सौद्यात सेटिपिप्रंट ॲलर्गनकडे गेलं. २०२० मध्ये ॲलर्गनच ॲबव्हीमध्ये विलीन झाली. 'मोठ्या कंपनीने विकत घेऊन दाबून टाकलं' ही गोष्ट या मालकीच्या साखळीतून जन्मली. ऐकायला झकास वाटते, फक्त मधला एक टप्पा गाळून सांगितली जाते. ॲलर्गनने चाचणी केली होती.

त्या चाचणीवर थोडा वेळ थांबतो, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत. १८ ते ४९ वयाचे, तुमच्यासारखंच आनुवंशिक टक्कल असलेले पुरुष. एका गटाला सेटिपिप्रंट १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी (प्लासिबो), आणि एका छोट्या गटाला फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम. कोण काय घेतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. मुदत २४ आठवडे. प्रत्यक्ष गोळ्या मिळालेले १६९ जण: ८३ सेटिपिप्रंटवर, ७४ प्लासिबोवर, १२ फिनास्टेराइडवर. डोक्यावरच्या ठरवलेल्या जागेतले केस मोजले आणि डोकं एकूण किती भरलेलं दिसतं याचं मूल्यमापन केलं. दोन्ही निकषांवर सेटिपिप्रंट आणि प्लासिबो यांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. औषध बहुतेकांना सोसलं, एवढंच. हा निकाल २०२१ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाला आणि कोणालाही वाचायला खुला आहे. दाबून टाकायचंच असतं तर छापलं कशाला?

इथे समोरची मुलं हरकती घेतात, आणि त्या अगदीच फालतू नसतात.

पहिली हरकत, डोस कमी पडला असेल. दिवसाला २ ग्रॅम हा कमी डोस नव्हे. दम्याच्या रुग्णांवर याच डोसने केलेल्या एका अभ्यासात ॲलर्जीकारक हुंगवल्यावर काही तासांनी येणारी श्वासनलिकेची दुसरी प्रतिक्रिया कमी झाल्याचं दिसलं होतं. म्हणजे औषध रक्तातून पोचत होतं आणि रिसेप्टर अडवत होतं. केसाच्या मुळाशी नेमकं किती पोचलं हे त्या टकलाच्या चाचणीत मोजलं नव्हतं. ही एक फट उरते, ती मी नाकारत नाही. पण त्या फटीच्या भरवशावर पावडर गिळायची म्हणजे पुराव्याच्या अभावालाच पुरावा मानायचं.

दुसरी हरकत, गोळीऐवजी थेट डोक्याला लावलं तर? रेणू तसा मोठा नाही, वजन ४०० डाल्टनच्या आसपास. त्वचेतून जाण्यासाठी ५०० ची ढोबळ मर्यादा मानतात, तिच्या आत बसतो. पण आत बसणं वेगळं आणि योग्य द्रावणातून योग्य खोलीवर, योग्य मात्रेत पोचणं वेगळं. त्यासाठीच औषध कंपन्यांत फॉर्म्युलेशनची माणसं वर्षानुवर्षं घालवतात. मिनॉक्सिडिलच्या बाटलीत मिसळायची तुमची कल्पना तर मला सर्वांत जास्त खटकली. मिनॉक्सिडिल अल्कधर्मी आहे, सेटिपिप्रंट आम्लधर्मी. अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉलच्या नीट तोललेल्या द्रावणात असं काही टाकलं की काय विरघळलेलं राहील, काय तळाला बसेल आणि काय डोक्यावर पांढरा थर होऊन सुकेल, हे घरी सांगता येत नाही. ज्याचा गुण सिद्ध झालाय ते बिघडवून ज्याचा झालेला नाही ते घालायचं, हा व्यवहार उलटा आहे.

तिसरी हरकत जास्त गंभीर आहे: २४ आठवडे कमी नाहीत का, आणि बारीक झालेली मुळं पूर्ववत करण्याऐवजी नवीन गळती थांबवण्यासाठी औषध उपयोगी असेल तर? असू शकतं. तात्त्विकदृष्ट्या हे शक्य आहे. पण फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल या दोन्हींचा परिणाम सहा महिन्यांत मोजण्याइतका दिसायला लागतो. ज्याच्यावर एखाद्या कंपनीने पुढचे पैसे लावावेत अशा औषधाची निदान चाहूल तरी तोवर लागायला हवी. ती लागली नाही, म्हणून पैसे थांबले. यात कट नाही, हिशेब आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर २०१२ चं निरीक्षण खरं होतं, त्यावरून काढलेली वाट चुकली. टकलाच्या जागी पीजीडी२ जास्त सापडणं म्हणजे तेच टक्कल आणतं असं नाही. मुळं बारीक होताना, त्यांच्याभोवती मंद दाह होताना ते मागाहून वाढत असू शकतं. आणि उंदराच्या केसांचं चक्र आपल्यासारखं नसतं. त्यांच्या अंगावर केस लाटेसारखे एकदम उगवतात आणि एकदम झडतात, शिवाय त्यांना आपल्यासारखं हॉर्मोनवर चालणारं टक्कल पडत नाही. उंदरावर केस आणणारी औषधं आम्ही इतकी पाहिलीत की उंदराला टक्कल राहणंच आता अवघड झालंय.

फेविपिप्रंटबद्दल. तेही डीपी२ अडवणारंच, नोव्हार्टिसचं, दम्यासाठी. त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून सतराशेहून अधिक रुग्ण होते. दम्याचे झटके थोडे कमी झाले, पण ठरवलेल्या कसोटीला उतरतील इतके नाहीत, आणि डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने दम्यासाठीचं काम थांबवलं. ॲस्ट्राझेनेका, ॲमजेन, बोहरिंगर या कंपन्यांनीही या वाटेवर प्रयत्न करून सोडले. त्यांची नावं सांगतो ती एवढ्यासाठी, की 'एका कंपनीने सोडलं' हे चित्र खरं नाही. एका संपूर्ण कल्पनेवर अनेक कंपन्यांनी पैसे लावले आणि ती अपेक्षेएवढी चालली नाही. जपानमध्ये रामाट्रोबान नावाचं, दुसरा एक रिसेप्टर आणि सोबत डीपी२ अडवणारं औषध २००० मध्ये ॲलर्जीच्या सर्दीसाठी मंजूर झालं, केसांसाठी नाही.

आणखी एक नाव तुमच्या यादीत नाही, पण येईल: लारोपिप्रंट. ते डीपी१ अडवतं, डीपी२ नाही, म्हणजे २०१२ च्याच शोधाप्रमाणे केसांसाठी चुकीचा रिसेप्टर. तरीही केसांसाठी ते मागवणारे भेटतात, नावाचा शेवट सारखा आहे एवढ्यावर! त्याची कहाणी मात्र जरूर वाचा. नायसिन हे कोलेस्टेरॉलसाठीचं औषध घेतल्यावर चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा होतो, तो त्रास कमी करायला मर्क कंपनीने ते नायसिनसोबत जोडलं. युरोपात विक्रीही सुरू झाली. मग २५,६७३ रुग्णांच्या, सुमारे चार वर्षं चाललेल्या चाचणीत हृदयविकार कमी झाले नाहीत. उलट मधुमेह बिघडणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग अशा गंभीर गोष्टी वाढल्या. २०१३ च्या जानेवारीत ते बाजारातून काढावं लागलं. त्यातलं किती नायसिनमुळे आणि किती लारोपिप्रंटमुळे यावर वाद आहे. माझा मुद्दा संख्येचा. असले परिणाम दिसायला हजारो माणसं आणि काही वर्षं लागतात. सेटिपिप्रंट सहा महिने घेतलेले ८३ टकले पुरुष आणि ॲलर्जीच्या चाचण्यांतले काही शेकडो रुग्ण यांवरून 'सुरक्षित' म्हणायचं तर ते थोड्या मुदतीपुरतं. तुम्ही घेणार ते वर्षानुवर्षं, कारण टकलाचं कुठलंही औषध थांबवलं की मिळालेले केस जातात.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका समजुतीकडे येतो: 'टक्कल आणणारं प्रोस्टाग्लँडिन'. प्रोस्टाग्लँडिन ही एक वस्तू नाही, कुटुंब आहे, आणि त्यातले काही सदस्य केसांच्या बाजूचे आहेत. काचबिंदूसाठी डोळ्यात टाकायचे लॅटॅनोप्रोस्ट आणि बिमॅटोप्रोस्टचे थेंब हे पीजीएफ२ अल्फाचे भाऊबंद. हे टाकणाऱ्या आजी-आजोबांच्या पापण्या लांब आणि दाट होतात हे नेत्रतज्ज्ञांनी पाहिलं, आणि २००८ मध्ये अमेरिकेत बिमॅटोप्रोस्ट चक्क पापण्या वाढवण्यासाठी मंजूर झालं. मिनॉक्सिडिलच्या कामाचा एक भागही प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम चेतवण्यातून होत असावा, असं प्रयोगशाळेत दिसलंय. त्यामुळे 'प्रोस्टाग्लँडिन अडवा, केस वाचवा' म्हणून ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या घ्यायला जाल तर हात दाखवून अवलक्षण होईल. रोज कमी डोसचं ॲस्पिरिन घेतल्याने डोक्याच्या त्वचेत मिनॉक्सिडिलला कार्यक्षम करणाऱ्या एन्झाइमचं काम घटतं, असं एका छोट्या अभ्यासात दिसलं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र केसांच्या नादात ते बंद करू नका.

या कुटुंबाला सरसकट अडवण्याची किंमत काय असते, याचं एक उदाहरण आपल्याच शहरात आहे. डायक्लोफेनॅक हे प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखणारं साधं वेदनाशामक. ते दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात हे २००४ मध्ये उघड झालं, तोवर भारतातली बहुतेक गिधाडं गेली होती. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला गिधाडांवर अवलंबून असलेली अंत्यविधीची शतकांची रीत बदलावी लागली ती याच काळात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडासारखं नाजूक नसतं, हे खरं. पण रोजच्या वेदनाशामकांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालत नसल्याची रक्तातली खूण) वाढलेले तरुणही आम्हाला भेटतात. सेटिपिप्रंट असं सरसकट काम करत नाही, एकच रिसेप्टर अडवतं, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

पावडरीचं बोलू. चाचणीतला डोस धरला तर एका माणसाला २४ आठवड्यांना ३३६ ग्रॅम लागेल. तुमचे ५० ग्रॅम चौघांत वाटले तर प्रत्येकाला साडेबारा ग्रॅम, म्हणजे जेमतेम सहा दिवस. ज्या डोसने गुण आला नाही त्याच्या कितीतरी कमी डोसने गुण येईल, असं मानून तुम्ही पैसे काढताय. सोबत येणारा शुद्धतेचा कागद विकणाराच देतो. तो तुमच्या पाकिटातल्या मालाचा आहे की भलत्याच बॅचचा, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. '९९ टक्के शुद्ध' असलं तरी उरलेला एक टक्का काय आहे, कुठला द्रावक मागे राहिलाय, जड धातू किती, हे महत्त्वाचं असतं, आणि ते तपासायला प्रयोगशाळेला जे पैसे द्यावे लागतील त्यात तुमचं वर्षाचं मिनॉक्सिडिल येईल. बहुतेक पाकिटांवर 'मानवी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतं. विकणाऱ्याने ते स्वतःच्या बचावासाठी लिहिलेलं असलं, तरी खरं आहे.

कायद्याची बाजूही बघा. स्वतःपुरतं औषध परदेशातून आणायला औषध नियमांत तरतूद आहे: डॉक्टरची चिठ्ठी जोडून फॉर्म १२-ए मध्ये अर्ज, मग १२-बी मध्ये परवानगी. ती सोय प्रामुख्याने इथे न मिळणाऱ्या पण खऱ्या औषधांसाठी आहे. जगात कुठेही मंजूर नसलेल्या पावडरीसाठी मी तरी चिठ्ठी लिहून देणार नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्याकडून दुसरी चिठ्ठीही घेऊ नका. विमानतळाच्या कुरिअर विभागात पाकीट अडकलं तर ज्याच्या नावावर ते आलंय त्याला उत्तर द्यावं लागतं. चौघांतला तो तुम्हीच असाल, असा माझा अंदाज आहे. चौघांसाठी मागवलेलं 'स्वतःपुरतं' म्हणता येत नाही, हेही ओघानेच आलं.

मग करायचं काय? इथे मी लवकर आटपतो, कारण ही औषधं जुनी आहेत आणि त्यांच्याबद्दल कुठलाही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. आधी निदान पक्कं करा. मुंबईत पावसाळ्यानंतर डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात. ते टक्कल नसतं आणि बहुधा आपोआप भरून येतं. तुमचं दोन वर्षं हळूहळू, भोवरा आणि कोपरे, घरात इतिहास, म्हणजे आनुवंशिकच दिसतंय. बोअरवेलचं पाणी, हेल्मेट, लोकलमधला घाम यांना दोष देऊ नका. पाणी जड असलं तर केस राठ होतात, तुटतात. मूळ बारीक होत नाही.

फिनास्टेराइड १९९७ पासून केसांसाठी वापरात आहे. ते केसांच्या मुळांना बारीक करणारं डीएचटी हे हॉर्मोन सुमारे दोन तृतीयांश कमी करतं. दोन वर्षांच्या चाचणीत ज्यांचे मोजलेले केस कमी झाले असे पुरुष फिनास्टेराइडवर १७ टक्के होते, प्लासिबोवर ७२ टक्के. पहिल्या वर्षात लैंगिक तक्रारी ३.८ टक्क्यांना झाल्या. प्लासिबो घेणाऱ्यांतही २.१ टक्क्यांना झाल्या. बहुतेकांच्या औषध थांबवल्यावर गेल्या, पण काहींनी त्या टिकून राहिल्याचं नोंदवलंय आणि मी ते खोटं मानत नाही. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. म्हणून नैराश्याचा इतिहास असेल तर मला आधी सांगा. आपण ते टाळू. तुमची भीती मला समजते. गंमत एवढीच वाटते, की ज्याचे दुष्परिणाम टक्क्यांत माहीत आहेत त्याला घाबरून, ज्याचे कोणालाच पुरते माहीत नाहीत ते गिळायला तुम्ही तयार झालात. तुम्हाला प्रत्यक्ष त्रास झाला होता की नुसतं वाचून सोडलं, हे प्रश्नात स्पष्ट नाही. दोन्हींचं पुढचं उत्तर वेगळं आहे. मिनॉक्सिडिलसोबत लावायचं फिनास्टेराइडही मिळतं. रक्तात कमी जातं, पण अजिबात जात नाही असं नाही.

मिनॉक्सिडिल ५ टक्के, एक मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्यावर. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, तेव्हाच बरेच लोक सोडून देतात, सोडू नका. चार ते सहा महिने द्या. रात्रीचं लावून लगेच उशीवर डोकं टेकलंत तर औषध अभ्र्याला लागतं, म्हणून तासभर आधी लावा. घरात मांजर असेल तर विशेष जपा. मिनॉक्सिडिल मांजरांना थोड्या मात्रेतही विषारी आहे, आणि मांजर तुमच्या उशीवर झोपून अंग चाटणारच.

पीजीडी२ चा नाद सुटतच नसेल तर एक निरुपद्रवी रस्ता आहे. १ टक्का सेटिरिझिनचं द्रावण डोक्याला लावून इटलीत एक छोटा अभ्यास झाला होता. सेटिरिझिन म्हणजे आपली सर्दीची गोळी, तिने पीजीडी२ घटतं या तर्कावर. थोडा फायदा दिसला, पण अभ्यास लहान आणि रचनेने कच्चा होता. मी स्वतःहून देत नाही. फार हट्ट असेल तर दोन सिद्ध औषधांच्या जोडीला देईन, त्यांच्या जागी नाही.

खरंच नवं औषध घेऊन बघायचं असेल तर चालू असलेल्या चाचणीत नाव नोंदवा. भारतात औषधांच्या चाचण्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदवणं २००९ पासून बंधनकारक आहे, आणि ती यादी शहरानुसार चाळता येते. खऱ्या चाचणीत एथिक्स कमिटीची मंजुरी असते, संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळतं, चाचणीतल्या औषधासाठी पैसे घेत नाहीत आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाईची जबाबदारी ठरलेली असते. 'संशोधनात सहभागी व्हा, पॅकेज अमुक हजार' असं कोणी म्हणालं तर ती चाचणी नाही.

चौघांपैकी कोणी आधीच पावडर घेत असेल तर थांबवायला हरकत नाही, टप्प्याटप्प्याने कमी करण्याची गरज नाही. लिव्हर आणि किडनीच्या साध्या तपासण्या करून घ्या. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगावर पुरळ उठलं किंवा दम लागला तर केसांच्या डॉक्टरकडे न येता सरळ हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा आणि पाकीट सोबत न्या. तिथल्या डॉक्टरला हे नाव बहुधा माहीत नसेल. 'दम्यासाठी बनवलेलं, मंजूर न झालेलं औषध' असं सांगा.

माझ्याकडे किंवा कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा डोक्याचे तीन फोटो घेऊन जा, कोरड्या केसांचे, एकाच दिव्याखाली: समोरून, वरून आणि भोवऱ्याचा. दर तीन महिन्यांनी तसेच काढायचे. आणि तीन महिने घेतलेल्या फिनास्टेराइडची रिकामी स्ट्रिप घरात असेल तर तीही आणा. प्रोस्टेटसाठीची ५ मिलिग्रॅमची गोळी स्वस्त पडते म्हणून बरेच जण तिचे चार तुकडे करून घेतात. तुम्ही नेमकं काय आणि किती घेत होता ते कळलं की त्या औषधाबद्दल पुन्हा बोलता येईल.